बोस्टनचे बंदर आणि चिरनेरचे रान



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला आहे तो अमेरिकेच्या इतिहासाचा. वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध केलेल्या निषेधापासून आरंभ करावा आणि समाजसुधारणेपर्यंत यावे, अशी त्यांची सूचना आहे. मी कॉलेजात गेलेला माणूस नव्हे. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीत बसून, ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांतून वाचले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मला बोलता येणार नाही. पण आयुष्यभर मागण्यांचे अर्ज लिहिणाऱ्या माणसाला एक सवय लागते. कोणी काय मागितले, कोणाकडे मागितले, आणि शेवटी मिळाले ते कोणाच्या पदरात पडले, हे तीन प्रश्न तो प्रत्येक गोष्टीला विचारतो. तेच तीन प्रश्न मी आज अमेरिकेला विचारणार आहे आणि त्यांच्याच जोडीने आपल्या रायगड जिल्ह्यालाही विचारणार आहे. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात होता, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेलच.

अमेरिका आपल्याला फार दूरची वाटते. परंतु आरंभी तिचे आणि आपले गाऱ्हाणे एकाच पेढीविरुद्ध होते. ती पेढी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर कंपनीचा कारभार डबघाईस आला होता, आणि लंडनच्या तिच्या वखारींत चहाचे ढीग पडून होते. तो माल खपावा म्हणून पार्लमेंटने १७७३ साली कायदा केला आणि कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत दिली. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी तीन जहाजांवर चढून त्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस त्याच कंपनीच्या मुंबईकरांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. १७७८ च्या नोव्हेंबरात कंपनीचे सैन्य मुंबईहून निघून आपल्या या पनवेल बंदरात उतरले, बोरघाट चढून पुण्याच्या रोखाने गेले, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे महादजी शिंद्यांच्या फौजेपुढे त्याला तह करावा लागला. तिकडे अमेरिकेचे युद्ध चालू होते, इकडे आपले. १७८१ साली यॉर्कटाउन येथे अमेरिकनांपुढे शरण आलेला सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि १७९३ साली त्याने बंगालच्या रयतेच्या डोक्यावर कायमचे जमीनदार बसविले. तिकडे हातचे गेले, त्याची भरपाई साम्राज्याने इकडे करून घेतली.

आता बोस्टनच्या चहाविषयी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कंपनीचा तो चहा महाग नव्हता, उलट पूर्वीपेक्षा स्वस्त होता. मग तो बुडविला का? त्यावर पार्लमेंटने बसविलेला कर तसाच ठेवला होता म्हणून. ज्या सभेत आमचा प्रतिनिधी बसत नाही, त्या सभेने लादलेला कर आम्ही देणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. १७६५ साली स्टँपाचा कर आला तेव्हापासून ते हेच सांगत होते. त्या कायद्याने वर्तमानपत्रापासून पत्त्यांच्या कॅटपर्यंत आणि कोर्टाच्या कागदापर्यंत सगळ्यांवर कर बसविला होता. लोकांनी असा जोर लावला की पार्लमेंटला वर्षभरात तो कायदा मागे घ्यावा लागला. बोनस थोडा वाढवून घ्या आणि युनियनची मान्यता सोडा, असे मालक जेव्हा सांगतो, तेव्हा हाच प्रश्न कामगारांपुढे उभा राहतो. स्वस्त चहा पिऊन हक्क सोडायचा की नाही?

शाळेच्या पुस्तकात चहाची ती एक रात्र असते. परंतु त्या रात्रीच्या मागे आठ-नऊ वर्षांचे काम होते आणि ते फार कमी सांगितले जाते. सॅम्युएल ॲडम्स आणि त्याचे सोबती यांनी १७७२ पासून गावोगाव पत्रव्यवहाराच्या समित्या नेमल्या. एका गावात काय झाले ते दुसऱ्या गावाला पत्राने कळवायचे आणि सर्वांनी मिळून एक ठराव करायचा, असा तो क्रम होता. विलायती कापडावर बहिष्कार घातला तेव्हा बायकांनी एकत्र बसून सूत कातले. आपल्याकडे चरखा चळवळीत आला त्याच्या दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. ज्याने संघटना बांधली आहे तो सांगेल की दंगा एका रात्रीत होतो, पण वर्गणीची पावती फाडायला, सभेचे इतिवृत्त लिहायला आणि रुसलेल्या माणसाची समजूत घालायला वर्षे लागतात.

आणि त्या लढ्यात प्रथम मेले कोण? ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये इंग्रज सैनिकांनी जमावावर गोळीबार केला, त्यात पाच माणसे प्राणास मुकली. त्यांत एक दोर वळणारा होता, दोघे जहाजावरचे होते, एक सतरा वर्षांचा शिकाऊ पोरगा होता आणि एक चामड्याचे काम करणारा आयरिश होता. गोळीबाराच्या तीन दिवस आधी दोर वळण्याच्या कारखान्यात कामगार आणि सैनिक यांची मारामारी झाली होती, कारण फावल्या वेळात सैनिक कमी पैशांत कामे उचलीत आणि कामगारांच्या पोटावर पाय येई. जहाजावरच्या दोघांपैकी एक क्रिस्पस ॲटक्स. त्याच्या अंगात आफ्रिकेचे आणि तेथील मूळ रहिवाशांचे रक्त होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी पडलेल्यांत त्याचे नाव आरंभीच येते. परंतु स्वातंत्र्य आले तेव्हा त्याच्या जातीच्या माणसांना त्यात वाटा मिळाला नाही.

१७७६ च्या जुलैत अमेरिकनांनी जाहीरनामा काढला आणि सर्व माणसे समान आहेत असे जगाला सांगितले. तो लिहिणारा जेफर्सन स्वतः गुलामांचा मालक होता. त्या वेळी वसाहतींतील सुमारे पंचवीस लाख लोकांपैकी पाच लाखांच्या आसपास गुलाम होते. १७८७ साली राज्यघटना झाली, तीत राज्यांचे प्रतिनिधी ठरविताना पाच गुलामांची तीन माणसे मोजावीत असा हिशेब धरला, आणि त्या गुलामांना मत मात्र दिले नाही. आणखीही एक गोष्ट आहे. वसाहतवाल्यांच्या तक्रारींत एक तक्रार अशी होती की राजाने १७६३ साली हुकूम काढून डोंगरापलीकडच्या मुलखात वस्ती करण्यास मनाई केली. तो मुलूख मूळ रहिवाशांचा होता. स्वातंत्र्यानंतर ती मनाई गेली, आणि १८३० साली कायदा करून या लोकांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हाकलण्यात आले. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या जमिनीवर उभे राहू शकते, हे आपण नमूद करून ठेवले पाहिजे. त्यामुळे बोस्टनच्या लोकांचे शौर्य कमी होत नाही, पण हिशेब पुरा होतो.

त्याच लढ्यातील एक माणूस मला फार जवळचा वाटतो. थॉमस पेन हा इंग्लंडातील एका कारागिराचा मुलगा. तो जकातखात्यात साधा नोकर होता. १७७२ साली त्याने आपल्या सोबत्यांचा पगार वाढावा म्हणून पार्लमेंटसाठी एक निवेदन लिहिले. पगार वाढला नाही, आणि दोन वर्षांनी पेनची नोकरी गेली. तो अमेरिकेस गेला, आणि १७७६ च्या जानेवारीत त्याने जे छोटे पुस्तक लिहिले त्याने राजाला मानण्याची लोकांची सवयच मोडली. पुढे त्याने माणसाच्या हक्कांवर ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ पुण्यात जोतीराव फुले यांच्या हाती पडला आणि त्यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. पगारवाढीचे निवेदन लिहिणाऱ्या कारकुनापासून निघालेला धागा असा महाराष्ट्रात येऊन पोहोचला.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना मुक्त करण्याच्या कामी स्वार्थत्याग केला त्यांना अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा अशी इच्छा व्यक्त केली. अमेरिकेत यादवी युद्ध होऊन, सहा लाखांहून अधिक माणसे मरून, १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली होती. अवघ्या आठ वर्षांत पुण्याचा एक माळी ती गोष्ट आपल्या शूद्रातिशूद्रांना सांगतो आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन करतो. १७७६ ची अमेरिका जोतीरावांना ठाऊक होती. तरी पुस्तक अर्पण करताना त्यांनी बोस्टनचे वीर निवडले नाहीत, गुलामांना सोडविणारे निवडले. या निवडीत त्यांचा सारा विचार आला.

आपल्याकडे आगरकर आणि टिळक यांच्यापासून एक वाद चालत आला आहे. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा? अमेरिकेने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते आपण पाहिले. तिने राजकीय काम आधी केले आणि सामाजिक काम पुढे ढकलले. ढकललेले काम नाहीसे होत नाही, सावकाराच्या वहीतील कर्जासारखे ते व्याजासकट परत येते. नव्वद वर्षांनी ते यादवी युद्ध होऊन आले. आणि युद्धानंतरही सगळे फिटले नाही. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने हुकूम काढून दक्षिणेच्या किनाऱ्यावरील जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत देऊ केली. सुमारे चाळीस हजार लोक त्या जमिनीवर बसले. वर्ष संपण्याच्या आत नवा अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने ती जमीन जुन्या मालकांना परत देवविली. कालचे गुलाम त्याच शेतांवर अर्धेलीने राबू लागले. पीक वाढवायचे यांनी, वाटा ठरवायचा मालकाने, आणि उधारीचे खाते मालकाच्याच दुकानात. श्रोतेहो, हे वर्णन कुलाब्याच्या कुळाला समजावून सांगावे लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. येथे कोणते काम आधी झाले? तारखाच पाहा. रायबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना मोकळ्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास धरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पाणी पिऊन परतणाऱ्यांवर हल्ले झाले, आणि सनातन्यांनी तळ्याची शुद्धी करून घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तिला जागा मिळेना तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबर रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रसभेचा दाखला दिला. ते स्वतः १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले होते. तळ्याचा खटला मात्र १७ मार्च १९३७ पर्यंत चालला, तेव्हा हायकोर्टाने तळे सर्वांना मोकळे असल्याचा निकाल दिला. एक ओंजळ पाणी प्यायचे आणि त्यासाठी दहा वर्षे कोर्टात उभे राहायचे.

महाडनंतर तीन वर्षांनी चिरनेर. १९३० च्या उन्हाळ्यात मिठाचा सत्याग्रह झाला. पावसाळ्यात मीठ पिकविता येत नाही, म्हणून चळवळ रानाकडे वळली. आपल्या भागात रानाचे दुःख जुने होते. भाताचे रोप करायचे तर आधी राब भाजावा लागतो, राबासाठी रानातील पालापाचोळा आणि फांद्या लागतात, गुरांना चारा आणि चुलीला सरपण लागते. १८७८ च्या जंगल कायद्याने या सर्वांवर सरकारची मालकी बसविली. एकोणिसाव्या शतकातच ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतील जंगलाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्यासाठी खास कमिशन नेमावे लागले. तेव्हा २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या रानात कोयते घेऊन गेलेली माणसे चहाच्या पेट्या बुडविणाऱ्यांपेक्षाही अधिक निकडीने गेली होती. बोस्टनला प्रश्न कराचा होता, येथे उद्याच्या भाताचा होता.

पोलिसांनी गोळीबार केला. धाकू फोफेरकर, नाग्या कातकरी, रघुनाथ न्हावी, रामा कोळी, आनंदा पाटील, आलू म्हात्रे, परशुराम पाटील आणि हसुराम घरत हे आठ गावकरी पडले. मामलेदार केशव महादेव जोशी हेही त्याच गोळीबारात मृत्युमुखी पडले. दरवर्षी २५ सप्टेंबरला तेथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ही नावे वाचताना बोस्टनची पाच नावे मला आठवतात. शेतकरी, कोळी, न्हावी, कातकरी, सगळे आपल्या हातांनी पोट भरणारे. आणि ॲटक्सच्या शेजारी मी नाग्या कातकऱ्याला उभा करतो. रानावर पहिला हक्क कोणाचा असेल तर तो कातकऱ्याचा. त्या रानासाठी त्याने प्राण दिला. देश स्वतंत्र झाला १९४७ साली, आणि रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क मान्य करणारा कायदा झाला २००६ साली. मधली एकोणसाठ वर्षे नाग्याची माणसे कोठे होती? वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, दुसऱ्याच्या बांधावर. आजही आपल्या जिल्ह्यात अशा कातकरीवाड्या आहेत, की ज्यांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही.

चिरनेरनंतर तीन वर्षांनी चरी. अलिबागजवळच्या या गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ठरविले की खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावे या संपात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. मी गिरण्यांचे आणि कारखान्यांचे संप पाहिले आहेत. महिना उलटला की घरात भांडणे सुरू होतात. या लोकांनी सहा वर्षे काढली. लाकडे विकून, मोलमजुरी करून काढली, आणि शेते ओस पाहून काढली, जे शेतकऱ्याला उपाशी राहण्यापेक्षा कठीण आहे. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. महाडला ज्या पुढाऱ्याने पाण्याचा हक्क मागितला तोच पुढारी येथे आगरी, कुणबी, महार कुळांच्या जमिनीसाठी उभा होता. १९३९ साली मुंबई इलाख्याचा कूळकायदा झाला, १९४८ साली तो अधिक पक्का झाला, १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारा ठरला.

तेव्हा ‘आधी काय’ या वादाचे उत्तर आपल्या जिल्ह्याने दिले आहे, आणि तेही पुस्तक न लिहिता. १९२७ ला महाड, १९३० ला चिरनेर, १९३३ ला चरी. सहा-सात वर्षांच्या आत एकाच जिल्ह्याने समाजाला, सरकारला आणि सावकाराला, तिघांनाही जाब विचारला. एक झाल्याशिवाय दुसरे नको, असे कोणी म्हणत बसले नाही. ज्याला पाणी नाही, रान नाही आणि जमीन नाही, त्याच्यासाठी हे तीन प्रश्न नव्हतेच, एकच प्रश्न होता.

हेच पुढे अमेरिकेतही दिसते. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला, त्यातून पुढे चार जणांना फाशी झाली, आणि १ मे हा जगभरच्या कामगारांचा दिवस झाला. आपल्याकडे जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालीच मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले होते, आणि १८९० च्या जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवारी दुपारी जो कोणी घरी स्वस्थ जेवतो त्याने लोखंड्यांचे स्मरण करावे.

अमेरिकेच्या आगगाड्यांत झोपण्याच्या डब्यांवर काळे नोकर असत. ते डबे जॉर्ज पुलमनच्या कंपनीचे. नोकराचे नाव काहीही असो, प्रवासी त्याला मालकाच्या नावाने ‘जॉर्ज’ अशीच हाक मारीत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांनी या नोकरांची युनियन काढली, आणि बारा वर्षांनी, १९३७ साली, कंपनीने तिच्याशी करार केला. त्याच युनियनचा एक कार्यकर्ता ई. डी. निक्सन हा माँटगोमेरी शहरात राहत असे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधील जागा गोऱ्या माणसाला देण्याचे नाकारले आणि तिला अटक झाली, तेव्हा तिला जामिनावर सोडवायला निक्सन धावला. बसवरील बहिष्कार ३८१ दिवस चालला. काळे लोक पायी कामावर गेले. त्या लढ्यात पुढे आलेले मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात येऊन गेले. गांधीजींचा विचार ते मानीत, आणि गांधीजींनी अमेरिकेच्या थोरोचा निबंध वाचला होता, जो गुलामगिरीला पाठबळ देणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ साली एक रात्र तुरुंगात राहिला होता. १९६३ साली वॉशिंग्टनला जो प्रचंड मोर्चा गेला त्याचे अध्वर्यू वृद्ध रँडॉल्फच होते, आणि मोर्चाची मागणी होती काम आणि स्वातंत्र्य, दोन्ही एकत्र. पुढील दोन वर्षांत नागरी हक्कांचा आणि मतदानाचा कायदा झाला. लोक किंगचे नाव घेतात, ते योग्यच आहे. पण त्यांच्यामागे तीस वर्षे वर्गणी गोळा करणारी एक युनियन उभी होती, हेही सांगितले पाहिजे.

आता घराजवळच्या गोष्टीकडे येतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. ज्या शेतांसाठी आजोबांनी खोताशी झगडा केला ती शेते नातवांच्या हातून जाऊ लागली. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासईच्या परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमलाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील हे पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. सार्वजनिक कामासाठी जमीन देणाऱ्याचा त्या कामाच्या फळात वाटा आहे, हे तत्त्व पनवेल-उरणच्या शेतकऱ्याने रक्त सांडून देशापुढे ठेवले. आपल्या कळंबोली-रोडपालीच्या सेक्टरांत जे लोक आज फ्लॅटमध्ये राहतात, त्यांतील बहुतेक दुसऱ्या गावांहून आलेले आहेत. त्यांनी आपण कोणत्या जमिनीवर राहतो हे जाणून घ्यावे, एवढेच माझे त्यांना सांगणे आहे.

परंतु माझे तीन प्रश्न मला येथेही विचारावेच लागतात. मिळाले ते कोणाच्या पदरात पडले? सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याची वाट सरळ होती. जो मिठागरावर मजुरी करीत होता, खाडीत मासे धरीत होता, दुसऱ्याच्या शेतावर राबत होता, त्याला आपणही याच गावाचे आहोत हे सिद्ध करण्यासाठी वेगळे झगडावे लागले. खाडी बुजली, तेव्हा खाडीचा सातबारा कोळणीजवळ कोठून असणार? मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण हक्काची वही उघडली की तीत कोणाचे नाव लिहायचे राहून गेले हे पाहणे, हे प्रत्येक चळवळीचे दुसऱ्या दिवसाचे काम असते.

या कामाचा मला रोज अनुभव येतो. तळोज्याच्या एका कारखान्यात आठ वर्षे काम करणाऱ्या मजुराचा हात यंत्रात गेला. भरपाई मागितली तेव्हा कारखाना म्हणाला, हा आमचा माणूस नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, माझा ठेका गेल्या वर्षी संपला. हजेरीच्या कोणत्याही मस्टरवर त्याचे नाव नव्हते. शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही कामास आली. आत जाताना आणि बाहेर येताना त्याने रोज तीत सही केली होती. त्या वहीवर त्याचा दावा उभा राहिला आणि त्याला भरपाई मिळाली. पुलमनच्या डब्यातील ‘जॉर्ज’ आणि मस्टरवर नाव नसलेला हा मजूर यांत मला फारसा फरक दिसत नाही. कायदा होता, संविधान होते, कोर्टही होते. माणसाचे नाव तेवढे नव्हते.

नागरिकशास्त्र हा शाळेत थोड्या गुणांचा विषय असतो आणि मुले तो परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. माझ्या मते तो इतिहासापासून तोडला म्हणून नीरस झाला. मुलांना सांगा की मताचा हक्क ही बोस्टनच्या बंदरातून, माँटगोमेरीच्या रस्त्यावरून आणि महाडच्या तळ्यावरून चालत आलेली वस्तू आहे. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मत मिळायला १९२० साल उजाडले, जाहीरनाम्यानंतर एकशे चव्वेचाळीस वर्षे गेली. आपल्या संविधानाने १९५० साली सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना एकदम मताचा अधिकार दिला, कोणाला रांगेत मागे उभे केले नाही. ही आपल्या देशाची मिळकत आहे. ज्यांनी हे संविधान लिहिले त्यांनी त्याच वेळी बजावून ठेवले होते की राजकारणात समता आणि समाजात विषमता असा संसार फार दिवस चालणार नाही. अमेरिकेचा इतिहास त्यांनी अमेरिकेत बसून वाचला होता, आणि आपला इतिहास स्वतःच्या अंगावर सोसला होता.

शेवटी, उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, पण संघटनेचा माणूस सभेतून काही काम नेमून दिल्याशिवाय उठत नाही. तेव्हा चार कामे सांगतो. आपल्या घरात कोणी ठेक्यावर कामास जात असेल तर त्याचे नाव मस्टरवर, पगारपत्रकावर आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर आहे की नाही ते या महिन्यात पाहून घ्या. मतदारयादीत आपले आणि शेजाऱ्याचे नाव तपासा. जवळच्या कातकरीवाडीत जाऊन घराखालच्या जमिनीचे कागद विचारा, आणि नसतील तर अर्ज लिहून द्या, कारण आपल्याला लिहिता येते. चौथे काम पालकांसाठी आहे. येत्या २५ सप्टेंबरला मुलांना घेऊन चिरनेरला जा. पनवेलहून ते फार लांब नाही. तेथील हुतात्म्यांची नावे मुलांना मोठ्याने वाचायला लावा, आणि नाग्या कातकरी हे नाव आले की क्षणभर थांबून त्यांना विचारा, याच्या वाट्याचे काय झाले? उत्तर त्यांनी शोधावे. मी माझे भाषण येथे पुरे करतो.